कंबरदुखी प्रकल्पाची वही: जून २०२४ ते मार्च २०२५

१० जून २०२४

आज सुरुवात. एमओ (मेडिकल ऑफिसर) मॅडमनी एप्रिल-मेची ओपीडी रजिस्टरं काढून ठेवली होती. दोघी समोरासमोर बसून पेन्सिलीने खुणा करत गेलो. ‘कंबर’ हा शब्द नाही असं एकही पान सापडलं नाही, काही पानांवर तर पाच-सहा वेळा. उपचाराचा रकाना सगळीकडे सारखा: दुखणं दाबणारं डायक्लो इंजेक्शन, पॅरासिटामॉल, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स. जणू शिक्काच करून घेतलाय. मॅडम स्वतःच म्हणाल्या, “बाहेर रांग असते आणि मी एकटी. कंबर म्हटलं की हात आपोआप हेच लिहितो.”

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. हाताखाली चार उपकेंद्रं. दसरा-दिवाळी झाली की इथली घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. परत येतात ती पाडव्याच्या आसपास. म्हणजे ‘सहा आठवड्यांनी दाखवायला या’ असं लिहिलेली चिठ्ठी निम्मं वर्ष निकामी. आमची योजना याच वर्षात बसवायची आहे.

मी फिजिओथेरपिस्ट, महिन्यातले आठ दिवस इथे. नवीन माणूस मिळणार नाही, मशीन मिळणार नाही. पैसे आहेत ते छपाई, फोन आणि माझ्या एसटीपुरते. जे आहेत त्यांनाच एका दोरीत ओवायचं: आशाताई, सिस्टर, सीएचओ (उपकेंद्राचे आरोग्य अधिकारी), एमओ, औषधवाले भाऊ, ग्रामीण रुग्णालय.

१८ जून

उपकेंद्राच्या ओट्यावर दिवसभर नुसतं ऐकत बसले. लोकांचे शब्द लिहून घेतले. उसण भरली. चमक निघाली. कंबर धरली. माकडहाड ठणकतंय. नस दबली. गादी सरकली. आणि सगळ्यांत जास्त वेळा: मणक्यात गॅप आलाय. हा शेवटचा शब्द गावाचा नाही, आपल्याकडूनच गेलेला. कुणीतरी एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणालं असणार, आणि तो आता घराघरात आहे.

फॉर्म नंबर १४. वय बावन्न सांगतात. अठ्ठावीस वर्षं कोयता. त्यांनी कॅरीबॅगमधून कागद काढून माझ्यापुढे पसरले. नगरचा एमआरआय, दोन एक्स-रे, चार ठिकाणच्या चिठ्ठ्या, एक कंबरेचा पट्टा आणि एका वैद्यांचं चूर्ण. कुणी काय सांगितलं ते त्या बोटं मोडत मोजू लागल्या. एकाने वाकायचं नाही सांगितलं. दुसऱ्याने तीन महिने झोपून राहा. तिसऱ्याने वजन उचललं तर लकवा मारेल. चौथ्याने ऑपरेशन. सिस्टरने गोळ्या दिल्या, जावयाने पट्टा आणला. मग मलाच विचारलं, “आता तुम्ही काय निराळं सांगणार, ताई?”

उत्तर नव्हतं माझ्याकडे. खरं तर त्यांना उपचार मिळाला नाही असं झालेलंच नाही. सहा जणांनी सहा उपचार दिले आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं.

तुम्हाला काय करता यायला हवंय, असं विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर आहे म्हणून विचारला, फार आशा नव्हती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पहाटं कोपीत उठताना आधी गुडघ्या-हातावर व्हावं लागतं, जनावरागत. मग भिंत न्हाई म्हणून बांबू धरायचा. सुनंच्या देखत. सुनंच्या आधी उठून उभं राहता आलं तरी बास.”

तसंच लिहून घेतलं. कोपी म्हणजे ऊसतोडीच्या जागी घातलेली झोपडी.

२७ जून

सगळ्यांची बैठक. अकरा आशाताई, दोन सिस्टर, सीएचओ, औषधवाले भाऊ, मॅडम. विषय एकच: कंबरेच्या पेशंटला सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायची, ती कोणती?

आधी मी थोडी माहिती दिली. बहुतेक कंबरदुखीत एखादं हाड किंवा गादी बोट ठेवून दाखवता येत नाही. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्क्यांच्या. हे ऐकून एक आशाताई म्हणाल्या, “म्हणजे केस पिकल्यासारखं?” यापेक्षा चांगलं मला आजवर सांगता आलेलं नाही. ‘गॅप’च्या जागी आता हेच सांगायचं ठरलं.

पट्ट्यावरून वाद झाला. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात पट्टा, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं), विजेच्या मुंग्या देणारं टेन्स मशीन, अल्ट्रासाउंडचा शेक हे नेहमीसाठी देऊ नका म्हटलंय. माझ्याच धंद्यातली निम्मी यंत्रं गेली त्यात. भाऊ म्हणाले, “पण लोकांना पट्ट्याने बरं वाटतं.” वाटतं, खरं आहे. ठरलं असं की ज्यांच्याकडे आहे त्यांचा काढून घ्यायचा नाही, नवा घ्यायला सांगायचं नाही.

वाक्यावर तासभर गेला. मी लिहून नेलं होतं, “तुमच्या मणक्याला काही झालेलं नाही.” सगळ्यांत जुन्या आशाताईंनी मान हलवली. “असं म्हणू नका मॅडम. काही झालं न्हाई म्हटलं की घरचे म्हणतात नाटक करती. सासू तर लगेच म्हणती.” शेवटी ठरलं ते हे: ‘दुखणं खरं आहे. कंबर थकलीय, तुटलेली नाही. पडून राहू नका, जमेल तेवढं चालू ठेवा. या चार गोष्टी झाल्या तर मात्र त्याच दिवशी या.’

चार गोष्टी: लघवी अडकली किंवा झाल्याचं कळत नाही; बसायची जागा बधिर झाली; पायातून चप्पल आपोआप निसटते; आणि ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. चपलेचं सीएचओंनी सुचवलं. मी ‘पायातील ताकद कमी होणे’ लिहिलं होतं. चप्पल बरोबर.

८ जुलै

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे, स्टार्ट बॅक. कुणाला नुसता धीर आणि सल्ला पुरे, कुणाला व्यायामाची जोड हवी, कुणाच्या मनात भीती इतकी बसलीय की जास्त वेळ द्यावा लागेल, हे दोन-तीन मिनिटांत चाळून काढते. आम्ही कामापुरतं मराठी करून पाच जणींवर वापरून पाहिलं.

पंचाईत लगेच झाली. ‘कंबर दुखते म्हणून मी थोडंच अंतर चालले.’ उत्तर: “पाणी कोण आणंल?” म्हणजे नाही. मुद्दा दुखण्याचा नाहीच, चालण्यावाचून सुटका नाही. ‘नेहमीपेक्षा हळू कपडे घातले’ हे ‘साडी नेसायला वेळ लागतो का’ असं केल्यावर मात्र सगळ्या बोलायला लागल्या: निऱ्या काढताना वाकता येत नाही, म्हणून बाजेवर बसून नेसते.

‘माझ्यासारख्या दुखणेकऱ्याने हालचाल करणं धोक्याचं आहे’ या वाक्याला पाचपैकी चौघी हो म्हणाल्या. त्या चौघी रोज रानात खुरपतात. धोका आहे असं मानूनच खुरपतात. मला वाटतं खरा भार हाच, मोळीचा नंतर.

१७ जुलै

आषाढी. उपकेंद्राकडे चिटपाखरू नाही. सोयाबीनला पाऊस बरा झालाय, लोक खुशीत आहेत. फॉर्म भरले: शून्य. साबुदाण्याची खिचडी खाल्ली: दोनदा.

३० जुलै

चूक झाली. माझी.

फॉर्म दोन बाजूंचा आहे. पुढे नऊ प्रश्न, मागे त्या चार धोक्याच्या गोष्टी. पहिले संपले म्हणून तालुक्याला झेरॉक्स टाकल्या. झेरॉक्सवाल्याने पुढचीच बाजू काढली आणि मी गठ्ठा न पलटता वाटून टाकला. चाळीस फॉर्म. तीन आठवडे. चाळीस माणसांना लघवीचं, बधिरतेचं, तापाचं कुणी विचारलेलंच नाही.

मी कळवळून सांगितलं तेव्हा मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. “उद्यापासून घरोघर. मागची बाजू तोंडी विचारायची. यादी करा.”

२ ऑगस्ट

तीन दिवसांत चाळीसपैकी सदतीस जण गाठले. आशाताईंनी, मी नाही. मला दोन वस्त्यांची नावंसुद्धा नीट माहीत नव्हती.

नंबर ३१. वय तेहेतीस. गुण मधल्या गटात, मी व्यायाम दाखवून पाठवलं होतं. आशाताई घरी गेल्या तेव्हा त्या निजलेल्या होत्या. ताईंनी चार प्रश्न विचारले, शिवाय पाचवा त्यांच्या डोक्यातला: “ब्लाउज कधी उसवून शिवलेत?” दोन महिन्यांत दोनदा आत घेतलेत. संध्याकाळी अंग मोडून येतं, उशी ओली होते. पाच महिन्यांपासून दुखतंय. तोडीहून परतल्यावर आठवड्याला एक इंजेक्शन, निरनिराळ्या दवाखान्यांत.

मॅडमनी मणक्यावरून बोट फिरवत आणलं. एका जागी दाबल्यावर त्या ओरडल्याच, आणि तिथे हाताला बारीक उंचवटा लागतो. मला त्या दिवशी तो लागला नव्हता, कारण मी साडीवरूनच बघितलं होतं.

एक्स-रे ग्रामीण रुग्णालयात आजच. पुढची चिठ्ठी मेडिकल कॉलेजला. मॅडमनी स्वतः फोन करून तिथल्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, हे चिठ्ठीवर लिहिलं. ‘पुढील उपचारासाठी पाठवित आहे’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन माणूस गेटवर फिरत राहतो.

२३ ऑगस्ट

३१ ला मणक्याचा टीबी. सुईने नमुना घेऊन सीबीनॅटवर (टीबीचे जंतू ओळखणारं यंत्र) आला. पायातली ताकद शाबूत आहे. औषध सुरू, वर्षभर तरी चालेल. थुंकीत काही नव्हतं, नुसत्या थुंकीच्या तपासणीवर राहिलो असतो तर सुटलं असतं.

त्यांचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नव्हता. “उचल घेतलीय जुलैमध्ये. दोघांच्या नावावर.” उचल म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाने आधी दिलेले पैसे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा गेला तर अर्धा कोयता. पैसे मात्र पूर्ण फेडायचे. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिन्याला पाचशे रुपये मिळतील असं सीएचओ सांगत होते आणि त्या मान डोलावत होत्या, ऐकत नव्हत्या.

२९ ऑगस्ट

बायकांशी बोलताना एक धागा सारखा येतोय. अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, कुणीतरी सांगतं गर्भाची पिशवी खराब आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली होती. ती बातमी तेव्हा देशभर गाजली. आता कुणी विचारायला येत नाही, बायका मात्र इथेच आहेत.

आज सात जणी ओट्यावर होत्या, तिघींची काढलेली. एक तिशीची. ती म्हणाली, “पिशवी गेली, चाळीस हजार गेले, कंबर हाय तितंच हाय.” बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण त्यांचं हसणं कडवट नव्हतं एवढं नोंदवून ठेवते.

ठरवलं: कंबरेच्या प्रत्येक बाईला पाळी, अंगावरून जाणं, लघवीची जळजळ हे सिस्टर वेगळं विचारतील, आणि ज्यांना तो त्रास आहे त्यांच्यावर तोच उपचार होईल. शिवाय कंबरेसाठी पिशवी काढायची नसते, हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी हवं. मॅडम म्हणाल्या, आशाताईंनी एकट्याने सांगितलं तर मोठ्या दवाखान्याच्या चिठ्ठीपुढे टिकणार नाही. माझी सही घ्या. कार्डावर ते वाक्य, खाली मॅडमची सही.

३ सप्टेंबर

काल पोळा. आज पुरुष भेटले, एरवी भेटत नाहीत. गटाला बसवलं, चौदा जण. मी चटई अंथरून पाठीवर झोपून करायचे व्यायाम दाखवायला लागले. एकजण नम्रपणे म्हणाला, “ताई, कोपीत दोघं झोपलो की तिसऱ्याला जागा न्हाई. हे कुठं करायचं?” कागदावरच्या चित्रात चड्डीतला गोरापान माणूस पांढऱ्याशुभ्र गादीवर पडलेला. मीच छापून आणलेला. तो कागद बाद.

मग उलटं केलं. तुम्ही कसे तोडता ते दाखवा म्हटलं. काठ्या घेऊन दाखवलं. ऊस बुडख्याशी, जमिनीलगत तोडावा लागतो, वर ठेवला तर कारखाना ओरडतो. त्यामुळे तासन् तास कमरेत मोडून. आता व्यायाम असा ठरला: एक मोळी बांधली की कोयता खाली ठेवायचा, दोन्ही हात कमरेवर, मागे वाकायचं, पाच वेळा. तोडताना कंबरेतून नाही, खुब्यातून वाकायचं, एक गुडघा पुढे. मोळी डोक्यावर घेताना दोघांनी मिळून, चुंबळ नीट बसल्यावरच उभं राहायचं. ट्रॅक्टर भरल्यावर दहा मिनिटं पाय लांब. एवढंच. चटई नाही, मोजे नाहीत, वेळ वेगळा नाही.

जूनमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला चालण्याचा अभ्यास मॅडमनी पाठवला होता. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ माणसांवरचा. ठरवून चालायला लावलं त्यांचं दुखणं परत यायला मधल्या हिशोबाने २०८ दिवस लागले, नाही लावलं त्यांना ११२. छान अभ्यास आहे. पण या माणसांना ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणायला माझी जीभ वळेना. त्यांना चालण्याची नाही, थांबण्याची चिठ्ठी हवी.

शेवटी एका मामांनी विचारलं, पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाने लाथ मारली तर चमक जाते ते खरं का. वस्तीवर एक पायाळू पोरगा आहे, पहाटे लोक त्याच्या दारात उभे राहतात. मी म्हटलं, चमक तशीही आठ-पंधरा दिवसांत बहुतेकांची उतरते, लाथ हळू मारायला सांगा. सगळे खूश. सीएचओंनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, हे शास्त्रीय आहे का. नाही. पण इंजेक्शनपेक्षा स्वस्त आहे, आणि ती लढाई मला आत्ता लढायची नाही.

२५ सप्टेंबर

कार्ड छापून आलं. वर ठळक अक्षरात ‘कंबर कार्ड’. खाली एक वाक्य, चार धोके, कुणी केव्हा काय दिलं त्याच्या ओळी, पेशंटला काय करायचंय त्याची ओळ. ज्याच्याकडे जाईल त्याने त्यातच लिहायचं. सहा चिठ्ठ्यांच्या जागी एक.

नंबर १४ ने कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत माझ्या हातात दिलं. “हे नको. मुकादमानं बघितलं तर पुढल्या साली उचल देणार न्हाई. कंबर गेलेला कोयता कोण घेतंय?”

तीन महिने आम्ही ‘रुग्ण केंद्रस्थानी’ म्हणत होतो आणि कार्ड तिच्या पोटावर येईल हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पाचशे कार्डं. रद्दी.

नवीन कार्ड: वर नुसतं ‘आरोग्य नोंद’. आत बीपी, शुगर, लसीकरणाच्या ओळी, त्यात कंबरेचं पान चौथं. आशाताईंचं म्हणणं, रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये बसेल असं करा. तसं केलं.

१४ ऑक्टोबर

दसरा होऊन गेला. गावात मुकादमांच्या मोटारसायकली दिसायला लागल्यात. दोन मुकादमांना चहाला बोलावलं. पेशंटची नावं न घेता टोळीच्या फायद्याचं म्हणून बोललो: तोडणी आणि भरणी आलटून पालटून द्या, एकाच बाईने दिवसभर डोक्यावर वाहायचं नाही, दुखलं तर अर्धा दिवस हलकं काम.

एक मुकादम सरळ माणूस निघाला. म्हणाला, “मॅडम, टनाला ३६६ रुपये. गाडी भरून वेळेत गेली तर पुढची गाडी लागते. हलकं काम कुठलं? वाढे बांधायचं हलकं, तेवढंच.” वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आणि खाडा? खाडा म्हणजे कोयता एक दिवस बसला तर त्याचा दंड, उचलीच्या हिशोबात चढतो. “खाडा मी नाही बंद करू शकत. पण आजारी बाईला वाढ्यावर लावायला माझी ना नाही.”

एवढं मिळालं. दुसऱ्याने चहा घेतला, बिस्कीट घेतलं, गेला.

१२ नोव्हेंबर

गाळप १५ तारखेपासून, मतदान २० ला. त्यामुळे यंदा निघण्याचा घोळ आहे. कुणी मत देऊन जाणार, कुणाला मुकादम आजच नेतोय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ज्वारीचं पोतं, शेळी, बाज, पोरं. आम्ही नाक्यावर टेबल टाकलं. शाळेच्या मास्तरांनी हसत विचारलं, प्रचाराचं का?

प्रत्येकाचं कार्ड तपासलं, दोन मोबाइल नंबर लिहून घेतले (एक टोळीतल्या दुसऱ्याचा). गोळ्यांवरून मॅडमशी मतभेद. मी म्हणत होते डायक्लो बरोबर देऊच नका. उपाशीपोटी काळ्या चहाबरोबर घेतात, उन्हात पाणी कमी पितात, किडनीला वाईट. शिवाय नोंदवलेल्यांत बीपी वाढलेले बरेच निघालेत. मॅडम म्हणाल्या, नाही दिल्या तर फडावरच्या दुकानातून घेतील, कोणत्या आणि किती ते कळणारही नाही. त्यांचं बरोबर होतं. बीपी-किडनीवाले सोडून बाकीच्यांना दहा गोळ्या, जेवल्यावरच, सलग पाच दिवसांपुढे नाही. पाकिटावर भाकरीचं चित्र काढलं. भाऊंचा हात चित्रकलेत चांगला आहे.

३१ चा नवरा आज गेला, मेहुण्याला जोडीला घेऊन. त्या दारात उभ्या होत्या, ताठ, पाठीला ब्रेस. हा वेगळा पट्टा, टीबीत मणका सावरायला लागतो. नाक्यावरच्या तिघांनी लगेच विचारलं, त्यांना पट्टा चालतो मग आम्हाला का नाही? समजावून सांगितलं. निक्षयचे पैसे या महिन्यापासून हजार झालेत. उचलीपुढे हजार.

५ डिसेंबर

फोनचे दिवस. संध्याकाळी सात ते नऊ, त्याआधी कुणी उचलत नाही. आशाताई घरूनच लावतात, रिचार्ज प्रकल्पाचा. तीनच प्रश्न: चार धोक्यांपैकी काही? इंजेक्शन किती घेतली? खाडा किती झाला?

कर्नाटकात गेलेल्यांपैकी एकाच्या पायाला मुंग्या आणि टाच उचलता येत नाही. सीएचओंनी ई-संजीवनीवर (सरकारची व्हिडिओवरची ओपीडी) जोडून दिलं, मॅडमनी व्हिडिओवर टाचेवर आणि चवड्यावर चालायला लावलं. उसाच्या पाचटात तो माणूस मोबाइलच्या उजेडात चालून दाखवतोय आणि मागे पोरं ओरडतायत, “मामा नाचतोय!” टाच उचलत होती, नुसती भीती होती. चप्पल निसटत नाही ना, हेही विचारलं. “अनवाणी हाय,” म्हणाला. हे आमच्या यादीत नव्हतं.

२२ जानेवारी २०२५

फड बघायला सांगली जिल्ह्यात. पहाटे साडेचारला निघालो तेव्हा ते कधीच फडात गेले होते. धुकं, कोयत्यांचा आवाज, पाचटाचा वास.

ताणकाटा नेला होता. तीन मोळ्या तोलल्या: २६ किलो, ३१ किलो, ३८ किलो. ३८ ची एका सडपातळ पोरीच्या डोक्यावर होती, आणि ती घेऊन ती ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर गेली. फळी झोकांड्या खात होती. मला कॉलेजात शिकवलेलं ‘वजन शरीराजवळ ठेवा’ आठवलं आणि मी वही मिटली.

पण एक बघितलं. दुसऱ्या टोकाला चार-पाच बाया मोळी बांधून झाल्यावर उभ्या राहिल्या, हात कमरेवर, मागे वाकल्या. पाच वेळा. आमच्या गावच्या नव्हत्या, परळीकडच्या होत्या. कुणाकडून शिकलात विचारलं तर एकीने मान वळवून दाखवलं. नंबर १४.

बोलणं झालं नाही. गाडी भरायची होती.

१० मार्च

यंदा ऊस कमी, कारखाने लवकर बंद. होळीच्या आतच लोक परतायला लागलेत. कार्डं परत बघतोय. काही कोरी, काही तेलकट, एकावर मुकादमाचा हिशोब लिहिलेला. एकावर फडाजवळच्या डॉक्टरांनी व्यवस्थित तारीख, औषध आणि ‘मणका ठीक, चालते राहणे’ लिहिलंय. ओळखदेख नसलेल्या माणसाने आमचंच वाक्य लिहिलं. मॅडमनी त्याचा फोटो काढून ठेवला.

पैसे देणाऱ्यांचा फॉर्म आला. त्यात एकच आकडा मागितलाय: दुखणं शून्य ते दहा, आधी आणि नंतर. तो बऱ्याच जणांचा हललेलाच नाही. चार महिने ऊस तोडून आलेल्या कंबरेचा हलेल कसा? मॅडमना म्हटलं, दोन रकाने आपण वाढवू, इंजेक्शनं आणि खाडे. त्या म्हणाल्या तिसरा पण वाढवा: त्यांना करायचं होतं ते झालं का. फॉर्ममध्ये जागा नाही, मागच्या बाजूला लिहू.

मागच्या बाजूला. मी गठ्ठा आधी पलटून पाहिला.

१९ मार्च

नंबर १४ आल्या. दुखणं तेव्हा सहा सांगितलं होतं, आजही सहा. इंजेक्शन एकही नाही. खाडे दोन, त्यातला एक नातेवाइकाच्या मयताचा. आधीच्या साली अकरा होते.

पट्टा? “तो सुनंला दिला.” एमआरआय? “पेटीत हाय. केस पिकल्याचा फोटो काय सारखा बघायचा.”

पहाटे उठण्याचं विचारलं. सुनेच्या आधी उभं राहता येतं का?

“येतं की. कवाच येतं. पण आता तीच उठत न्हाई लवकर. एकोणीस वर्साची पोर, दुसराच सीझन, कंबर धरून बसती.” मग दाराकडे बघून हाक मारली, “ये गं आत. घे ह्यांच्याकडून तुझं कार्ड.”

ती आत आली, पदर सावरत उंबऱ्याशीच उभी राहिली. सांगलीच्या फळीवरची सडपातळ पोर. मी ओळखलं, तिने मला ओळखलं नाही.

फॉर्म नंबर ११३.